कोळशाने रेखाटलेला देह वाचताना

नग्न देहाचे चित्र समोर आले की बहुतेकांची नजर एक तर रेंगाळते, नाही तर चटकन बाजूला होते. दोन्ही वेळा चित्र पाहायचे राहूनच जाते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सच्या कलाशाळांमध्ये तयार झालेल्या नग्नाभ्यासांच्या आधारे अशी चित्रे कशी वाचावीत, याचा हा वेध.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती सोडून देण्याचा आदेश सीमाशुल्क विभागाला दिला. परदेशातून आणलेल्या या कलाकृती अश्लील असल्याचे सांगून विभागाने त्या जप्त केल्या होत्या. प्रत्येक नग्नचित्र अश्लीलच असते असे मानता येणार नाही, हे न्यायालयाने या वेळी स्पष्ट केले. त्यापूर्वी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नग्नता आणि अश्लीलता यांत फरक केला होता. पदमसी यांना तर १९५४ मध्येच, जहांगीर कलादालनात मांडलेल्या चित्रांवरून, खटल्याला तोंड द्यावे लागले होते आणि त्यातून ते निर्दोष सुटले होते.

कायद्याच्या अंगाने पाहता या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. परंतु एखादे चित्र अश्लील नाही एवढे समजले, म्हणजे ते काय आहे हे समजले असे होत नाही. न्यायालय चित्राला निर्दोष ठरवू शकते. ते वाचून दाखवण्याचे काम न्यायालयाचे नाही. ते प्रेक्षकालाच करावे लागते आणि आपल्याकडे नेमके तेथेच अडते. प्रदर्शनात नग्नाभ्यासासमोर उभ्या राहिलेल्या सुशिक्षित माणसालाही 'यात पाहायचे काय?' हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो.

सूझा आणि पदमसी हे दोघेही मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. जिवंत मॉडेलसमोर बसून देह रेखाटण्याची जी शिस्त या शाळेत रुजली, तिचे मूळ युरोपातील, विशेषतः पॅरिसच्या अकादमींमध्ये आहे. नवअभिजात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालखंडात, म्हणजे साधारणतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, ही शिस्त ऐन भरात होती. त्यामुळे असे चित्र वाचायला शिकायचे, तर प्रथम पॅरिसला जायला हवे.

चित्र की उत्तरपत्रिका?

पॅरिसची राजेशाही कला अकादमी १६४८ मध्ये स्थापन झाली. जिवंत मॉडेलवरून सार्वजनिकरीत्या चित्रण शिकवण्याचा अधिकार या संस्थेने आपल्याकडे राखून ठेवला होता. संस्थेशी या अभ्यासाचे नाते इतके घट्ट होते, की फ्रेंच भाषेत नग्न मॉडेलवरून केलेल्या अभ्यासचित्रालाच 'अकादेमी' म्हणू लागले. संस्था आणि चित्र यांना एकच शब्द! या एका शब्दातच चित्राचा पहिला अर्थ दडलेला आहे. हे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले चित्र नव्हते. ती विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका होती.

या उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचायला विद्यार्थ्याला दोन पायऱ्या चढाव्या लागत. प्रथम तो छापील चित्रांवरून नक्कल करी. सुटे डोळे, कान, हात, पाय असा तो अभ्यास असे. त्यानंतर प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरमधील प्रतिकृती समोर येत. प्लास्टर पांढरे असते आणि हलत नाही. त्यामुळे त्यावर पडणारा प्रकाश निवांतपणे अभ्यासता येतो. या दोन्हींत हात बसल्यावरच जिवंत मॉडेलच्या वर्गाचे दार उघडे. तेथे प्राध्यापक पाळीपाळीने येत आणि मॉडेलची ठेवण ठरवून देत. हिवाळ्यात दिव्याच्या उजेडात काम चाले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या सरकारी कलाशाळेत एकच ठेवण साधारणतः सहा दिवस, रोज दोन तास चाले. विद्यार्थ्यांच्या बसण्याच्या जागाही स्पर्धेतील क्रमांकाप्रमाणे वाटल्या जात.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की चित्रातील अनेक गोष्टींचा उलगडा होतो. आकृतीमागे निसर्ग नाही, घर नाही, प्रसंग नाही. पायाखाली जमिनीची एखादी पुसट रेघ आणि थोडी पडछाया एवढेच असते. पुष्कळदा धड बारकाईने पूर्ण केलेले असते, तर पावले नुसती सुचवून सोडलेली असतात. हा आळस नव्हे. नेमून दिलेला वेळ संपला एवढाच त्याचा अर्थ. कोपऱ्यात कधी शाळेचा शिक्का असतो, कधी परीक्षेतील क्रमांक असतो, तर कधी शिक्षकाने समासात काढलेली दुरुस्ती असते.

उभे राहण्याची रीत

अशा चित्रांतील एक नेहमीचा प्रकार डोळ्यांसमोर आणू. एक तरुण पुरुष उभा आहे. शरीराचा सारा भार एका पायावर आहे आणि दुसरा गुडघ्यात किंचित वाकलेला आहे. भार पेलणाऱ्या पायाच्या बाजूचे कटिबंध वर उचलले गेले आहे. त्याच बाजूचा खांदा मात्र खाली उतरला आहे. एका हातात उंच काठी आहे, किंवा छतापासून लोंबणाऱ्या दोराला त्याने धरले आहे.

ही ठेवण ग्रीक शिल्पकारांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिद्ध केली. पॉलिक्लायटस या शिल्पकाराचा 'भालाधारी' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. विश्रांती आणि हालचाल एकाच देहात एकाच वेळी दाखवता येतात, हे तिचे मर्म. अठराव्या शतकात हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) येथील उत्खननांना प्रारंभ झाला आणि प्राचीन जगाविषयीचे कुतूहल युरोपभर पसरले. १७५५ मध्ये योहान विंकेलमान या जर्मन विद्वानाने ग्रीक कलेतील संयमित, शांत भव्यता हाच सौंदर्याचा आदर्श असल्याचे प्रतिपादन केले. नवअभिजात चित्रकलेने हा आदर्श उचलला. म्हणूनच या अभ्यासचित्रांतील चेहरे सहसा ना हसतात ना रडतात. भावना व्यक्त करण्याचे काम चेहऱ्याऐवजी पाठीकडे, मांडीकडे, मनगटाकडे सोपवलेले असते.

काठी आणि दोर यांचा अर्थ मात्र फार व्यावहारिक आहे. हात वर उचलून तासभर कोणीही उभा राहू शकत नाही. त्याला आधार द्यावा लागतो. मोठ्या चित्रात हीच काठी भाला होई, दोराच्या जागी तलवार येई आणि लाकडी ठोकळ्याचा खडक होई. वर्गातील आकृती अशा रीतीने कधी योद्धा, कधी संत, तर कधी बुडणारा खलाशी होत असे. इतिहास आणि पुराणे यांतील प्रसंगांची चित्रे त्या काळी सर्वश्रेष्ठ मानली जात आणि ती रंगवायची तर देहाची भाषा आलीच पाहिजे, हा या सगळ्या खटाटोपामागचा हेतू होता.

आकृती खरोखर उभी आहे की पडते आहे, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. दोन हसळ्यांच्या मधल्या खळग्यातून खाली ओळंबा सोडल्याची कल्पना करावी. भार एका पायावर असेल, तर हा ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी पडला पाहिजे. गवंडी भिंत तपासतो तसेच हे आहे. ओळंबा चुकला, तर स्नायू कितीही सफाईने रेखाटलेले असोत, आकृती हवेत लटकल्यासारखी दिसते.

येथे आणखी एका समजुतीला धक्का बसतो. नग्नचित्र म्हटले की आज स्त्रीदेहच आठवतो. परंतु अकादमीच्या वर्गातील मॉडेल पुरुष असे. पॅरिसच्या सरकारी शाळेच्या वर्गात १८६३ च्या सुधारणांपूर्वी स्त्री-मॉडेलला स्थान नव्हते. खासगी चित्रशाळांत ते होते. झाक-लुई दाविद या नवअभिजात चित्रकलेच्या अध्वर्यूने १७७८ आणि १७८० मध्ये तैलरंगात केलेले दोन प्रख्यात नग्नाभ्यास हेक्टर आणि पॅट्रोक्लस या ग्रीक पुराणकथांतील वीरांच्या नावांनी ओळखले जातात. पराक्रम, त्याग, मृत्यू या साऱ्या कल्पना त्या काळी पुरुषदेहातून मांडल्या जात. नग्नता म्हणजे स्त्री, हे समीकरण एकोणिसाव्या शतकात हळूहळू पक्के झाले.

जळालेल्या काडीचे गुण

आता साधनाकडे वळू. चित्रकाराचा कोळसा म्हणजे हवा न लागू देता भाजलेली लाकडाची काडी. विलो किंवा द्राक्षवेलीच्या काड्या त्यासाठी वापरतात. फ्रेंच भाषेत कोळशाच्या चित्राला 'फ्युझँ' म्हणतात. ज्या झुडपाच्या काड्यांचा हा कोळसा करीत, त्याचेच हे नाव आहे.

कोळशाचा गुण आणि दोष एकच आहे. तो कागदात मुरत नाही. त्याचे कण कागदाच्या खरखरीत पृष्ठभागावर नुसते बसलेले असतात. बोट फिरवले की ते पसरतात, पिसाने झटकले की उडतात. पावाचा मऊ गर मळून त्याची गोळी करीत आणि तिने कण उचलून उजेड काढीत. एकच छटा दहा वेळा बदलता येते, ही विद्यार्थ्यासाठी मोठीच सोय. शाईची रेघ एकदा चुकली की चुकली. कोळसा मात्र चूक सुधारू देतो.

पण जे सहज पुसता येते, ते टिकतही नाही. त्यामुळे अठराव्या शतकापर्यंत कोळशाचा उपयोग प्रामुख्याने कच्च्या आराखड्यासाठी होई. त्यावर तांबड्या किंवा काळ्या नैसर्गिक खडूने पक्के चित्र काढीत आणि कोळसा झटकून टाकीत. चित्रावर फवारून कण घट्ट बसवणारी लाखेसारखी द्रावणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुधारली आणि मग कोळसा हे कलाशाळांचे मुख्य साधन झाले. म्हणून एखादा अभ्यास तांबड्या खडूत असेल, तर तो अठराव्या शतकातील असण्याची शक्यता अधिक. संपूर्णपणे कोळशात असेल, तर पुढच्या शतकातील. हा नियम अचूक नाही, पण पहिला अंदाज बांधायला तो उपयोगी पडतो.

उजेडाचे व्याकरण

अकादमीच्या शिक्षणाने प्रकाशाचे एक व्याकरणच तयार केले होते. दंडासारख्या गोल वस्तूवर एका बाजूने उजेड पडला की तिच्यावर क्रमाने काही पट्टे दिसतात. सर्वांत उजळ भाग, त्यानंतरची मध्यम छटा, मग जेथे उजेड संपतो तेथला सर्वांत गडद पट्टा आणि त्यापलीकडे, सावलीच्या आत, जमिनीवरून किंवा भिंतीवरून उलटून आलेला मंद प्रकाश. याखेरीज त्या वस्तूची दुसऱ्या वस्तूवर पडणारी पडछाया असतेच.

नवशिक्या विद्यार्थ्याची हमखास चूक या चौथ्या पट्ट्यात होते. सावलीतला उलटून आलेला प्रकाश डोळ्याला मोहवतो आणि तो प्रमाणाबाहेर उजळ काढला जातो. परिणामी दंड गोल न दिसता पत्र्यासारखा चकचकीत दिसतो. सावलीतील सर्वांत उजळ जागाही उजेडातील सर्वांत गडद जागेपेक्षा काळोखीच राहिली पाहिजे, असा दंडक त्यासाठी घालून दिलेला होता. चांगल्या नग्नाभ्यासात हा दंडक कसोशीने पाळलेला दिसतो. डोळे बारीक करून चित्राकडे पाहिले, तर त्याचे उजेड आणि सावली असे दोनच स्वच्छ भाग पडावेत. तसे ते पडले, तर चित्रकाराला देहाचे घनत्व समजले आहे असे मानावे.

हे सारे शिक्षण पुढे एका छापील संचात बांधले गेले. शार्ल बार्ग या चित्रकाराने झाँ-लेओं झेरोम यांच्या सहकार्याने १८६६ ते १८७१ या काळात चित्रणाचा एक पाठ्यक्रम तयार केला आणि पॅरिसच्या गुपिल कंपनीने तो प्रसिद्ध केला. त्याच्या तीन भागांत मिळून १९७ पाने आहेत. तिसऱ्या भागातील ६० पाने जिवंत मॉडेलच्या अभ्यासाची तयारी म्हणून कोळशाने गिरवण्यासाठी होती. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी ऐन उमेदवारीच्या काळात ही पाने पुनःपुन्हा गिरवली. पुढे ज्यांची रेघ सर्व नियम झुगारून धावली, त्या चित्रकारानेही आरंभ याच वहीतून केला होता.

प्रूदों यांचा निळा कागद

नियम पाळूनही एखादा चित्रकार किती दूर जाऊ शकतो, हे पाहायचे तर प्येर-पॉल प्रूदों (१७५८-१८२३) यांच्या नग्नाभ्यासांकडे वळावे लागते. क्लुनी या गावी जन्मलेले प्रूदों शिष्यवृत्तीवर रोमला गेले, पुढे पॅरिसमध्ये नावारूपाला आले, पण मॉडेलसमोर बसण्याचा सराव त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. विद्यार्थिदशेत उरकण्याची गोष्ट त्यांनी आयुष्यभराची साधना केली.

त्यांची साधने ठरलेली होती. निळा कागद, काळा खडू आणि पांढरा खडू. कोळशापेक्षा हा खडू अधिक घट्ट बसतो, मात्र चित्र उभारण्याची रीत तीच. कागदाचा निळा रंग हीच मध्यम छटा मानायची. सावल्या काळ्याने गडद करायच्या आणि उजेड पांढऱ्याने वर काढायचा. कागदाची घट्ट गुंडाळी करून केलेल्या कांडीने दोन्ही खडू हलकेच चोळून एकजीव करायचे आणि त्यावर पुन्हा समांतर बारीक रेघांची जाळी विणायची. या रेघा देहाच्या वळणाबरोबर वळतात. दुरून पाहिले तर त्वचा दिसते. जवळ गेले तर केवळ रेघा.

प्रूदों यांचे समकालीन दाविद आणि दाविद यांचे शिष्य अँग्र बाह्यरेषेला सर्वस्व मानत. त्यांच्या आकृतीची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. प्रूदों यांच्या चित्रांत मात्र कड पुष्कळ ठिकाणी विरघळते आणि देह काळोखातून उमलल्यासारखा वर येतो. नवअभिजात म्हटले की सगळे एकाच साच्यातले असे आपण समजतो, ते किती अपुरे आहे हे या तुलनेतून कळते. ठेवण ग्रीक, शिस्त अकादमीची, पण उजेड प्रत्येकाचा आपापला.

या सरावाचे फळ मोठ्या चित्रांत कसे उतरले, याचे एक उदाहरण लक्षणीय आहे. पॅरिसच्या न्यायमंदिरातील फौजदारी न्यायालयाच्या दालनासाठी प्रूदों यांनी १८०८ मध्ये एक भव्य चित्र पूर्ण केले. न्याय आणि दैवी सूड या दोन देवता आकाशातून गुन्हेगाराचा पाठलाग करीत आहेत आणि खाली, चांदण्यात, खून झालेल्या तरुणाचा नग्न देह पसरला आहे. आज हे चित्र लूव्र संग्रहालयात आहे. सारा उजेड त्या निष्प्राण देहावर आहे, खुनी अंधारात आहे. येथे नग्नता म्हणजे असहायता. वस्त्रे लुटली गेलेला तो देह न्याय मागतो आहे. न्यायालयात नग्नचित्राचा निवाडा होण्याची आपल्याला सवय आहे. पॅरिसमध्ये नग्न देहाचे चित्रच न्यायासनाच्या दालनात साक्षीला उभे होते.

अशी जुनी चित्रे पाहताना काळाने केलेला बदलही जमेस धरावा लागतो. निळा कागद उजेडाने उडतो, करडा किंवा तपकिरी होतो. ती मधली छटा गेली की पांढरा खडू उगाचच भडक वाटू लागतो. आज दिसणारा ताळमेळ चित्रकाराने साधलेलाच असेल असे नाही.

बंद दाराबाहेरच्या स्त्रिया

या वर्गाचे दार सर्वांना उघडे नव्हते. नग्न मॉडेलसमोर बसणे स्त्रियांसाठी अशोभनीय मानले जाई. पॅरिसच्या अकादमीत स्त्री-सदस्यांची संख्या चारपुरती मर्यादित होती आणि त्या सदस्यांनाही या वर्गात प्रवेश नव्हता. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ मधील संस्थापकांत अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. मात्र योहान झोफनी यांनी १७७१-७२ मध्ये मॉडेलच्या वर्गात जमलेल्या सदस्यांचे जे समूहचित्र रंगवले, त्यात या दोघी प्रत्यक्ष उपस्थित नाहीत. भिंतीवर टांगलेल्या व्यक्तिचित्रांच्या रूपात तेवढ्या त्या दिसतात!

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. देहाचा अभ्यास नाही म्हणून ऐतिहासिक चित्रे नाहीत आणि ऐतिहासिक चित्रे नाहीत म्हणून मोठी पारितोषिके नाहीत, अशी ही साखळी होती. स्त्रिया फुले आणि व्यक्तिचित्रे यांतच का रमल्या, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या बंद दारात आहे. पॅरिसच्या सरकारी शाळेने स्त्रियांना १८९७ मध्ये प्रवेश दिला. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे तर १८८६ मध्ये, विद्यार्थिनींसमोर पुरुष-मॉडेलचे कटिवस्त्र दूर केल्यावरून टॉमस इकिन्स या नामवंत शिक्षकाला राजीनामा द्यावा लागला.

ज्याची सही नसते, तो

या चित्रांत दोन माणसांचे श्रम असतात. एकाची सही कोपऱ्यात असते. दुसऱ्याचा संपूर्ण देह कागदावर असतो, पण नाव नसते. प्रूदों यांच्या आवडत्या स्त्री-मॉडेलचे मार्गरीत एवढे पहिले नाव तेवढे उरले आहे. पॅरिसच्या चित्रशाळांत अनेक दशके उभ्या राहिलेल्या शार्ल डुबोस्क या मॉडेलने आयुष्यभर साठवलेला पैसा तरुण कलावंतांच्या साह्यासाठी ठेवला. सेंट डोमिंग, म्हणजे आजच्या हैतीतून आलेला जोसेफ हा कृष्णवर्णीय मॉडेल जेरिको यांच्या 'मेड्युसाचा तराफा' (१८१९) या चित्रासाठी उभा राहिला. तराफ्याच्या टोकावर उभे राहून दूरच्या जहाजाला वस्त्र फडकावून खुणावणारा देह त्याचा आहे. अशी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मॉडेल स्वस्थ उभा आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अर्ध्या तासात भार घेतलेल्या पायाला मुंग्या येतात, उचललेला खांदा खाली येऊ लागतो आणि ठेवण हळूहळू सैल होते. सहा दिवसांचे चित्र हे त्यामुळे एका क्षणाचे चित्र नसते. अनेक थकलेल्या तासांची ती सरासरी असते. नवअभिजात विद्यार्थी हा थकवा पुसून त्या जागी ग्रीक पुतळ्याचा ताठा आणत असे. तरीही कुशल डोळ्याला तो कोठे ना कोठे सापडतो. दोराला धरलेल्या बोटांच्या पांढऱ्या पडलेल्या पेरांत, किंवा टाचेखाली घातलेल्या लहानशा पाचरीत.

१९२९ ते १९३४ या काळात पॅरिसमध्ये राहून शिकलेल्या अमृता शेरगिल यांनी हा थकवा पुसला नाही. 'एकोल दे बोझार'मधील त्या दिवसांत त्यांनी कोळशाने केलेले अनेक नग्नाभ्यास उपलब्ध आहेत. त्यांतील रेघ जाड आणि ठाम आहे, देह वजनदार आहेत. पुढे १९३३ मध्ये त्यांनी 'प्रोफेशनल मॉडेल' हे तैलचित्र रंगवले. त्यातील ओघळलेल्या देहाची स्त्री देवता नाही, अप्सरा नाही. उभे राहणे आणि बसणे हाच जिचा व्यवसाय आहे, अशी ती कष्टकरी बाई आहे. अकादमीने दोन शतके जे झाकले, ते या चित्राच्या शीर्षकातच आले.

मुंबईत आलेली शिस्त

मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही प्रारंभी प्लास्टरच्या ग्रीक प्रतिकृतींवरून शिकवले जाई. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९-२० च्या सुमारास, तेथे जिवंत नग्न मॉडेलच्या वर्गाला निश्चित स्थान मिळाले. पॅरिसमध्ये जी शिस्त अनेक पिढ्यांत मुरली, ती येथे एका पिढीत आली. शाळेच्या आत ती अभ्यासक्रमाचा भाग झाली. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र तिचे स्पष्टीकरण कोणी फारसे दिलेच नाही. कदाचित म्हणूनच १९५४ मध्ये पोलिसांना जे वाटले, तेच सत्तर वर्षांनी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनाही वाटले.

या दरीचा सर्वाधिक ताण पडतो तो मॉडेलवर. जे. जे.मध्ये मॉडेल म्हणून काम करणाऱ्या, ते घरी लपवून ठेवणाऱ्या स्त्रीची कथा रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने मांडली. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून तो ऐनवेळी वगळण्यात आला आणि २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रकार प्रदर्शन भरवू शकतो, मुलाखत देऊ शकतो. मॉडेलला मात्र आपला व्यवसाय शेजाऱ्यांना सांगण्याचीही सोय नसते. समाजाला चित्र वाचता येत नसेल, तर त्याची किंमत अशी तिसरेच कोणी मोजत असते.

कोळशाच्या नग्नाभ्यासाकडे पाहण्याची योग्य रीत म्हणूनच फारशी अवघड नाही. आधी भार कोणत्या पायावर आहे ते पाहावे, मग उजेड कोठून येतो ते शोधावे, मग चित्रकाराचा हात कोठे अडखळला ते पाहावे. एवढे पाहून झाले की संकोच आपोआप मागे पडतो. आणि सर्वांत शेवटी, ज्याने तितका वेळ न हलता उभे राहून हा अभ्यास शक्य केला, त्याच्याकडे पाहावे. मघाशी ज्याच्यावरून नजर वळवावीशी वाटत होती, तो देह आता आपले काम करणाऱ्या माणसाचा दिसू लागतो.

चौकट : चित्रासमोर उभे राहिल्यावर

* ओळंबा : गळ्याच्या खळग्यातून खाली सोडलेली रेघ भार पेलणाऱ्या घोट्यापाशी येते का?

* उजेड : डोळे बारीक केल्यावर उजेड आणि सावली स्वच्छ वेगळे दिसतात का? सावलीतला उलटून आलेला प्रकाश आवरलेला आहे का?

* कड : बाह्यरेषा सलग कापलेली आहे की जागोजागी विरघळते? पहिली रीत दाविद-अँग्र यांच्या वळणाची, दुसरी प्रूदों यांच्या वळणाची.

* आधार : काठी, दोर, ठोकळा, पाचर यांपैकी काय दिसते? त्यावरून ठेवण किती वेळ चालली असेल याचा अंदाज येतो.

* कागद : तो मुळात कोणत्या रंगाचा असावा? चौकटीखाली झाकलेल्या कडांवर मूळ रंग पुष्कळदा शिल्लक असतो. उजेडासमोर धरल्यास जुन्या हातकागदातील जाळीच्या खुणा आणि जलचिन्ह दिसू शकते.

* सावधगिरी : बार्ग यांचा पाठ्यक्रम २००३ मध्ये नव्याने ग्रंथरूपात आला आणि युरोप-अमेरिकेतील अनेक खासगी चित्रशाळांत आजही याच पद्धतीने कोळशाचे नग्नाभ्यास होतात. त्यामुळे जुन्या वळणाचे चित्र जुनेच असेल असे नाही. खरेदीपूर्वी कागद, शिक्का आणि मालकीचा इतिहास तपासून घेणे श्रेयस्कर.